तुटक रेषा

मी अनुरेखक होते. पद लहान, शब्द मोठा.
सोलापूरच्या पाटबंधारे कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीला वाळ्याचा पडदा. तो ओला एप्रिलपर्यंतच;
मेमध्ये पडद्यावर मारायला पाणी नसायचं.

नियम साधा होता:
झालेला कालवा अखंड रेषेत,
होणारा तुटक.
तुटकेला शाई कमी लागते, हात जास्त.
टेक, उचल, टेक, उचल,
बेचाळिसाव्या किलोमीटरपासून कुसळवाडीच्या शिवेपर्यंत
एकशे अठरा तुकडे.
एकतीस वर्षांत सात वेळा काढले.
साहेब बदलले, दरसूची बदलली,
'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे उजव्या कोपऱ्यात
मी इतकं घोटलं
की लेकीच्या रुखवतावर नाव घालताना
तेच अक्षर उमटलं.

धरणाजवळची रेषा मात्र जाड होत गेली.
आधी कालवा, मग त्याची फाटा-चारी,
मग अस्तरीकरण, मग अस्तराची दुरुस्ती.
पाणी उताराकडे वाहतं हे शाळेत शिकले.
पैसा पाण्याकडे वाहतो
हे नकाशात दिसलं.

एका जूनमध्ये कुसळवाडीच्या सुगलाबाई आल्या, वहीसकट.
"बाई, तुमची रेघ आमच्याच गावापाशी का तुटती,
तेवढं बगायला आलेय."
वहीत टँकरची हजेरी:
तारीख, वार, खेपा,
गळका असेल तर तसा शेरा.
अकरा उन्हाळे.

जेवणाच्या सुट्टीत, शेंगाचटणीचा डबा बाजूला सारून
आम्ही बेरीज केली.
दोनदा केली. मग गैबीसाब शिपायाकडून तपासून घेतली,
त्याचा हिशेब साहेबांपेक्षा पक्का.
टँकर, छावण्या, छावणीतला कडबा,
एवढ्यात नऊ किलोमीटर कालवा झाला असता
आणि शेवटाला एक लोखंडी दार.

फाइलीत शेरा होता: खर्च जास्त, लाभ कमी.
लाभ हेक्टरात मोजतात.
सुगलाबाईंच्या नावावर एक गुंठाही नाही,
त्या कुठल्या रकान्यात बसणार?
"मला ऊस नको," त्या म्हणाल्या.
"माझ्या वाटणीचं पाणी हौदात धरीन,
शेळ्यांना पाजीन,
उरलं तर शेजारणीच्या ज्वारीला देईन.
पण वाटणी म्हणून द्या.
टँकरवाला देतोय तसं नको, वरनं खाली बगत."

आठव्या वेळी ती रेषा काढताना
माझा हात उचललाच नाही.
ठरवलं होतं असं नाही. नव्हतं असंही नाही.
दोन बोटं अखंड निळं.
नकाशावर सात सह्या झाल्या,
सातही जणांना पेन कुठे टेकायचं तेवढं दिसलं.
पावणेदोन वर्षांनी वरून पत्र आलं:
सदर लांबीतील कालव्याचा गाळ काढण्यास मंजुरी.

नसलेल्या कालव्यातला गाळ!
गैबीसाब हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला.
मग आम्ही दोघंही गप्प.
म्हणजे पैसा होता.
फक्त त्याला कालवा आधी झालेला लागत होता.

मला मेमो. खुलासा तीन दिवसांत.
लिहिलं: चूक मान्य, हात थकला होता.
खाली आणखी एक ओळ लिहिली होती,
ती खोडून काढली, पेन्शन जवळ आली होती.
त्या ओळीची अजून लाज वाटते.
लिहिल्याची नव्हे.

आता कचेरीत संगणक आहे.
तुटक रेषा एका कळीत येते,
हवी तेवढी लांब, हवी तितकी वर्षं,
कुणाचं मनगट दुखत नाही.
तेच मला बरं वाटत नाही.

सुगलाबाईंची तिसरी वही चालू आहे.